एवढा पाऊस पडतो, मग मे महिन्यात टँकर कशाला? गोवा आणि कोकणपट्टीच्या पाण्याचा हिशेब

मे महिन्यात वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर दोन बातम्या हमखास शेजारी शेजारी येतात. कुठल्यातरी वाडीवर टँकर सुरू झाल्याची एक, आणि यंदा पाऊस चांगला होणार असल्याच्या अंदाजाची दुसरी. पुढे दीड महिन्यात त्याच तालुक्यात बाजारपेठेत पाणी शिरल्याचे फोटो छापून येतात. घाटावरचे पाहुणे मग विचारतात, "तुमच्याकडे धो धो कोसळतो ना, मग पाण्याची बोंब कसली?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं नेहमीचं उत्तर, म्हणजे "नियोजन नाही हो", हे मात्र फार तर अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं उत्तर जमिनीच्या आकारात आहे.

ते समजायला गोवा सोयीचा पडतो. राज्य छोटं, सीमा स्पष्ट, आकडे आटोपशीर. आणि तिथे जे घडतं तेच थोड्याफार फरकाने सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडात घडतं.

केवढा आहे गोवा?

क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. भारतातलं हे सर्वांत लहान राज्य आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही लहान आहे, कारण सिंधुदुर्ग ५,२०७ चौरस किलोमीटरचा आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती, म्हणजे सिंधुदुर्गाच्या सुमारे पावणेदोन पट.

उत्तरेला तेरेखोलपासून दक्षिणेला काणकोणातल्या पोळेपर्यंत सुमारे १०५ किलोमीटर, आणि समुद्रापासून घाटापर्यंत जेमतेम साठ. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. या साठ किलोमीटरांत तीन पट्टे बसतात: किनाऱ्याचा आणि खाड्यांचा सखल पट्टा, मधला जांभ्याच्या सड्यांचा (म्हणजे सपाट खडकाळ माळांचा) आणि टेकड्यांचा, आणि पूर्वेचा सत्तरी-सांगे बाजूचा जंगलाचा, घाटाचा.

किनाऱ्याच्या लांबीबद्दल जाता जाता एक गंमत. शाळेत आपण भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर शिकलो. अलीकडच्या सरकारी फेरमोजणीत तो ११,०९८ किलोमीटर निघाला. महाराष्ट्राचा ६५२ वरून ८७७ वर गेला, गोव्याचा ११८ वरून १९३ वर. जमीन कुठून वाढली नाही. पूर्वी ढोबळ नकाशावर मापायचे, आता बारीक नकाशावर प्रत्येक खाडीचं वळण धरून मापलं. किनारा जितका दंतुर, तितकी ही तफावत मोठी. समुद्र आपल्या जमिनीत किती आतपर्यंत घुसलेला आहे, हेच त्या वाढलेल्या आकड्यांत दिसतं, आणि ते पुढे कामाला येणार आहे.

पाऊस इतका का पडतो?

जूनमध्ये अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले नैर्ऋत्य मोसमी वारे येतात. समोर सह्याद्री आडवा. वाऱ्याला वर चढावंच लागतं, आणि हवा वर गेली की थंड होते, साधारण दर किलोमीटरला सहा-साडेसहा अंशांनी. थंड हवेत बाष्प मावत नाही, ते पाऊस होऊन खाली येतं. म्हणून किनाऱ्यापेक्षा घाटमाथ्यावर पाऊस जास्त. गोव्याची वर्षाची सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास, तर आंबोलीत ७,००० च्या घरात. डोंगर ओलांडून वारा पलीकडे उतरला की तो कोरडा झालेला असतो. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पडणारा पाऊस त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास येऊन थांबतो.

महत्त्वाची गोष्ट अशी की यातला सुमारे नव्वद टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. २०२५ साली मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईची त्याची नेहमीची तारीख ११ जून. पण असा तो लवकर आला तरी कोरड्या महिन्यांची संख्या फारशी बदलत नाही. नोव्हेंबर ते मे हे सात महिने आभाळाकडून विशेष काही मिळत नाही.

आणि तो उकाडा?

समुद्र जमिनीपेक्षा सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे जातात. त्यामुळे पणजीत जानेवारीच्या पहाटे वीस अंशांच्या आसपास आणि मेच्या दुपारी तेहतीस-चौतीस, एवढाच काय तो फरक. नागपूरकराला हे हवापालट वाटेल. पण हवेत बाष्प एवढं असतं की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. म्हणूनच हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी किमान ४० अंश धरतं आणि किनाऱ्यासाठी ३७.

इथे अनेकांना चकवणारी एक गोष्ट आहे. रत्नागिरी-पणजीत पारा सर्वांत अचानक उसळतो तो मे महिन्यात नव्हे, बरेचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा पूर्वेकडून कोरडं वारं जोर धरतं आणि दुपारचं खारं वारं यायला उशीर होतो. तेवढ्या दोन-तीन तासांत सगळं तापून निघतं. आंब्याच्या बागायतदाराला हे सांगावं लागत नाही, झाडाखालची गळ बघून त्याला ते कळतं.

आता हिशेब करू

पाण्याच्या बातम्यांत 'टीएमसी' हा शब्द सारखा येतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. अंदाज यावा म्हणून, कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे.

गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटरवर तीन मीटर पाऊस, असा गुणाकार केला तर वर्षाला सुमारे ३९० टीएमसी पाणी होतं. पावणेचार कोयना. लोकसंख्येने भागलं तर माणशी ७६ लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या दारात रोज दोन टँकर, वर्षभर. यातला काही भाग झाडं पितात, काही उन्हाने उडून जातो. तो वजा करूनही उरतं ते अफाट आहे. तेव्हा प्रश्न पाणी किती पडतं हा नाही, पडलेलं पाणी किती दिवस जमिनीवर राहतं हा आहे.

उतार: महाबळेश्वरच्या दोन नद्यांची गोष्ट

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यातली कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला उडी घेते, महाडवरून बाणकोटच्या खाडीत येते आणि शंभरएक किलोमीटरांत तिचा प्रवास संपतो. दोघींचा उगम एकाच गावचा.

याचं कारण सह्याद्रीच्या घडणीत आहे. आपण त्याला डोंगररांग म्हणतो, पण तो खरं तर पठाराची तुटलेली कड आहे. देशावरून या, बराच वेळ डोंगर दिसतच नाही. कोकणातून बघा, काळी भिंत उभी. या कड्यावरून पाणी कसं येतं ते गोव्याच्या सीमेवर दूधसागरला दिसतं. तिथे ते ३१० मीटर खाली कोसळतं, आणि पुढे मांडवीतून लवकरच समुद्र गाठतं. आज घाटात पडलेला थेंब उद्या-परवा खाडीत असतो.

पुराचंही कारण हेच. घाटात पाऊस कोसळला की काही तासांत तो पायथ्याच्या गावात उतरतो, आणि त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर नदीला पुढे वाट मिळत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूण बुडालं तेव्हा हे दोन्ही जुळून आलं होतं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली.

जांभा: पाणी पिणारा, पण न साठवणारा

उतारावरून वाहिलं ते गेलं. मुरलं त्याचं काय?

कोकणात घरासाठी चिरे काढतात तो जांभा दगड हा पावसानेच घडवलेला आहे. लाखो वर्षं पाऊस आणि ऊन खाऊन मूळ खडकातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून तो तांबडा. त्याच्या अंगभर भोकं आणि नळ्या असतात. त्याखाली बहुतेक ठिकाणी चिकण मातीसारखा मऊ, फिकट थर असतो, ज्यातून पाणी सहज उतरत नाही.

घरात तांदूळ धुवायची रोवळी आठवा. ती परातीत ठेवून वरून पाणी ओतलं तर रोवळी काही भरत नाही. पाणी खाली परातीत उतरतं आणि परात भरली की काठावरून सांडतं. जांभ्याचा सडा ही रोवळी, खालचा चिकण थर ही परात, आणि सड्याच्या कडेला जिथे पाणी बाहेर येतं ते आपले झरे. गोव्यात डोंगराच्या कुशीत कुळागरं आणि आपल्याकडे पोफळीच्या बागा नेमक्या या झऱ्यांच्या खाली वसल्या आहेत. जुन्या माणसांनी भूगर्भशास्त्र शिकलेलं नव्हतं, पण ओल कुठे टिकते हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

ही परात उथळ असते. पावसाळ्यात काठोकाठ भरते, दिवाळीनंतर सांडत सांडत मार्चपर्यंत बरीच रिकामी होते. सड्यावरच्या वाड्यांच्या विहिरी आधी आटतात आणि खालच्या मळ्यातल्या उशिरा, ते यामुळेच. वरचा सडा चिरेखाणीसाठी खरवडला किंवा सपाट करून त्यावर काँक्रीट ओतलं, तर रोवळीच नाहीशी होते. पाणी मुरायच्या आधीच वाहून जातं आणि खालच्या झऱ्याचे एक-दोन महिने कमी होतात. सड्यावर 'ओसाड' किंवा 'पडीक' असा शेरा मारणाऱ्याने खालच्या वाडीतली विहीर बघितलेली नसते.

खाडी: गोडं कुठे संपतं, खारं कुठे सुरू होतं

मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांची खोरी मिळून गोव्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग व्यापतात, आणि कुंभारजुव्याच्या कालव्याने त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. त्यांचे खालचे पट्टे इतके सपाट आहेत की भरतीचा फुगवटा मांडवीत चाळीस-पन्नास किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा खाऱ्याला बाहेर ढकलतो. लोंढा ओसरला की समुद्र हळूहळू आत सरकतो. एप्रिल-मेमध्ये नदी पात्रभर भरलेली दिसते, पण ते पाणी तोंडात घालण्यासारखं नसतं. उन्हाळ्यात आलेल्या पर्यटकाला 'एवढी मोठी नदी असून टंचाई' हे पटत नाही ते यामुळेच.

या खाऱ्या पाण्याशी जमवून घ्यायची एक जुनी व्यवस्था गोव्यात आहे: खाजन शेती. भरतीच्या रेषेखालची जमीन बांध घालून वेगळी करायची आणि बांधात 'मानस' म्हणजे लाकडी झडपांचं दार बसवायचं. भरतीचं पाणी ढकलू लागलं की झडपा आपोआप बंद होतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. ना वीज, ना माणूस. पावसाचं पाणी मीठ धुऊन नेतं, मग खारं सोसणारं कोरगुट भात लावायचं. भात निघालं की मासे आणि कोळंबी. गावकारी, म्हणजे जमिनीची सामूहिक व्यवस्था पाहणारी गावाची संस्था, बांधांची डागडुजी करत असे. आपल्याकडे हीच खारबंदिस्ती आणि तिची उघाडी. बांध फुटून दुरुस्ती राहिली की खारं पाणी शेतात येतं, आणि शेताबरोबर आसपासच्या विहिरीही मचूळ होतात.

३९० टीएमसीपैकी १३ कर्नाटकाला गेलं तर काय बिघडलं?

म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या वादात हा प्रश्न गोव्याबाहेर सर्रास विचारला जातो, आणि तो मूर्खपणाचा नाही.

म्हादई कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात उगम पावते आणि सत्तरीतून गोव्यात येऊन मांडवी होते. तिच्या २,०३२ चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात आहे. कर्नाटकाला कळसा आणि भांडुरा या तिच्या ओढ्यांचं पाणी पूर्वेला मलप्रभेत वळवायचं आहे. मलप्रभेच्या खोऱ्यात पाऊस कमी, हुबळी-धारवाडला पिण्याचं पाणी हवं. ही गरज खोटी नाही. २०१० साली लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी मिळालं, त्यातलं सुमारे ८ वीजनिर्मितीसाठी. गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२३ मध्ये केंद्राने निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी 'प्रवाह' नावाचं प्राधिकरण मंजूर केलं.

वर्षाच्या बेरजेत वळवलेलं पाणी किरकोळ दिसतं. पण बेरीज जुलै आणि एप्रिल एकत्र करते. जुलैत मांडवीला पाण्याची गरज नसते, एप्रिलमध्ये असते, आणि एप्रिलचा बारीक प्रवाह घाटातल्या जंगलात मुरलेल्या पाण्यातून येतो. तो प्रवाह कमी झाला तर खारं पाणी आणखी आत सरकेल, ही गोव्याची खरी भीती. फोंडा तालुक्यातलं ओपाचं जलशुद्धीकरण केंद्र मांडवीला मिळणाऱ्या खांडेपार नदीवर उभं आहे. आम्ही फक्त पावसाळ्याचं जादा पाणी घेणार, असं कर्नाटक म्हणतं. तसं असेल तर वाद निम्मा होतो, पण मग कोणत्या महिन्यात किती, याची मोजणी दोघांसमोर रोज व्हायला हवी. माझ्या मते टीएमसीच्या वार्षिक आकड्यांवरचं भांडण हे चुकीच्या आकड्यांवरचं भांडण आहे.

मग समुद्रात जाणारं पाणी वायाच ना?

नाही. खाडीत गोडं पाणी येतं म्हणून तिसऱ्या, कालवं, चिंगूळ होतात, कांदळवन टिकतं, नदीबरोबर रेती येते. खाडीच्या काठच्या कोळ्याला किंवा खारव्याला विचारा, पावसाच्या पाण्याला तो वाया म्हणणार नाही. वाया जातं ते आपल्याला हवं असताना हातात नसलेलं.

धरणं बांधा की!

बांधलीत. दक्षिण गोव्याचे नळ मुख्यतः साळावली धरणावर चालतात. उत्तरेला दोडामार्गातलं तिळारी आहे, महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त प्रकल्प. तिळारीचा कालवा फुटला की बार्देशातल्या नळांना कोरड पडते, इतकं ते अवलंबित्व.

पण दरी अरुंद आणि तीव्र उताराची असेल तर उंच भिंत घालूनही मागे पाणी थोडंच साठतं. रुंद दऱ्यांत गावं, शेतं आणि बागा आहेत, उरलेल्या जागा अभयारण्यांत. शिवाय धरणाचं पाणी वरच्या सड्यावरच्या दहा घरांच्या वाडीला चढवायचं तर पंप, वीज आणि पाईप लागतात. टँकर जातो तो बहुधा अशाच वाडीवर. भरीला पर्यटन आहे: डिसेंबर ते मे, म्हणजे नद्या आटतात नेमक्या त्या काळात किनाऱ्यावरची मागणी शिगेला पोचते.

बोअर मारली तर?

किनाऱ्यालगत जरा जपून. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, कारण ते किंचित हलकं. या दोघांच्या वजनाचं गणित असं आहे की गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली तर खाऱ्याची सीमा तत्त्वतः सुमारे चाळीस मीटर वर येते. एका हॉटेलच्या बोअरने शेजारच्या चार घरांच्या विहिरी खाऱ्या व्हायला वेळ लागत नाही. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला मात्र पावसाळे जातात. आतल्या भागात कातळ कठीण, पाणी फक्त भेगांत. भेग लागली तर नशीब.

छपरावरचं पाणी पुरेल?

पिण्याला आणि स्वयंपाकाला, हो. हजार चौरस फुटांच्या छपरावर तीन मीटर पाऊस म्हणजे पावणेतीन लाख लिटर. चौघांच्या घराला जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने वर्षाला ऐंशी हजार लागतात. अडचण साठवणीची. पण साठवायचं आहे ते सगळं वर्ष नव्हे, फक्त शेवटचे शंभर दिवस: २२ हजार लिटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, आठ फूट खोल टाकी. खर्चिक आहे, पण आवाक्याबाहेरची नाही. बागेला आणि गुरांना ती पुरणार नाही. तिथे वाडीने मिळूनच काही करायला हवं.

ते कोकणात होतंही. पाऊस संपला की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत रेती-माती भरून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, वनराई बंधारे घालतात. श्रमदान दोन-तीन दिवसांचं, खर्च जवळजवळ नाही, आणि काठच्या विहिरींना काही आठवडे जादा मिळतात. अट एकच: बंधारा नोव्हेंबरात किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला, व्हाळ वाहता असताना पडला पाहिजे. प्रशासनाच्या टंचाई आराखड्याचे टप्पेही ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे तीन असतात. बंधाऱ्यांची वेळ पहिल्या टप्प्यातली, टँकरची शेवटच्या. पेपरात मोठा मथळा मिळतो तो शेवटच्याला.